बोपखेलची पूर्वसीमा : एका ताम्रपटाचें व एका अधिसूचनेचें परीक्षण

पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांमध्यें भोंवतालच्या गांवांविषयीं जी ओढाताण गेलीं कित्येक वर्षें चालू आहे, तिजवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तें बहुतेक सर्व कर, जकात, पाणी व निवडणुका यांच्या दृष्टीनें लिहिलेलें आहे. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं. ज्या भूमीवरून हा तंटा चालला आहे तिच्या एका लहानशा तुकड्याविषयींचे दोन लेख समोरासमोर ठेवून, एका पोथीच्या दोन प्रती ताडून पाहाव्या त्याप्रमाणें त्यांचें परीक्षण करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. एक लेख तांब्याच्या पत्र्यावरील, शके ६८० मधील. दुसरा सरकारी अधिसूचना, इ. स. १९९७ मधील. बोपखेल हें गांव कोणाचें व त्याची शीव कोठें, हा दोहोंचाही विषय आहे.

प्रथम स्थळ सांगितलें पाहिजे. आम्ही विश्रांतवाडींत राहतों. येरवड्याहून आळंदीस जाणाऱ्या सडकेवर ही वस्ती आहे. तीच सडक धरून उत्तरेस चालूं लागलें म्हणजे थोड्याच वेळांत कळस लागतें. कळसापुढें डाव्या हातास बोपखेलचा फांटा फुटतो आणि सडक दिघीवरून आळंदीकडे जाते. विश्रांतवाडी व कळस हीं पुण्याच्या महानगरपालिकेंत आहेत. बोपखेल व दिघी हीं पिंपरी-चिंचवडच्या. पश्चिमेकडे, पिंपळे निलखापासून दापोडीपर्यंत, दोन शहरांच्या मधून मुळा नदी वाहते. अलीकडे औंध-बोपोडी, पलीकडे सांगवी-दापोडी. तेथें हद्द कोठें असें कोणास विचारावें लागत नाहीं. इकडे मात्र दोन्ही शहरें नदीच्या एकाच तीरावर शेजारीं शेजारीं बसलीं आहेत आणि त्यांच्यामधील रेषा कोरड्या जमिनीवरून गेली आहे. ही रेषा कोणी व कधीं आंखली, असा प्रश्न आम्हांस रोजच्या फेरफटक्यांत सुचला. त्याचें उत्तर शोधीत गेलों तों तें राष्ट्रकूटांच्या काळापर्यंत जाऊन पोहोंचलें.

विश्रांतवाडी या नांवाविषयीं थोडें विषयांतर वाचक क्षमा करतील अशी आशा आहे. आळंदीहून पुण्यास येणारे वारकरी येथें विसावा घेत, त्यावरून हें नांव पडलें असें लोक सांगतात, आणि जागेकडे पाहतां तें सहज पटण्यासारखें आहे. परंतु ‘विश्रांति’ हें नाम व ‘विश्रांत’ हें भूतकालवाचक धातुसाधित यांत भेद आहे. पहिल्यापासून विश्रांतिवाडी व्हावयास पाहिजे होतें. लोकांनीं विश्रांतवाडी केलें. म्हणजे विसाव्याची वाडी नव्हे, तर विसावा घेऊन चुकलेल्यांची वाडी. व्याकरणदृष्ट्या हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटेल, आणि बोलतांना अंत्य इकार गळला एवढेंच याचें खरें कारण असणें संभवनीय आहे. तथापि शाळेंत तीस वर्षें शब्द सोडविण्यांत घालविलेल्या मनुष्यास असा शब्द पुढें आला असतां नुसतें पुढें जाववत नाहीं.

आतां ताम्रपटाकडे वळूं. वेरूळच्या कैलास लेण्याशीं ज्याचें नांव निगडित आहे त्या राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याच्या शके ६८० (इ. स. ७५८) च्या दानशासनांत ‘पुण्यविषय’ हा प्रांत येतो, आणि त्या विषयांतील ‘बोपखलुग्राम’ दान दिल्याचा उल्लेख आहे. पुण्याच्या नांवाचा हा अत्यंत प्राचीन उल्लेख म्हणून आपल्या वाचकांस तो परिचित आहेच. परंतु अभ्यासकांची दृष्टि ‘पुण्य’ या शब्दावर इतकी खिळून राहिली कीं, दान दिलेल्या गांवाची चतुःसीमा बहुतेकांनीं तळटिपेंत ढकलली. ती चतुःसीमा अशी : पूर्वेस कलस, दक्षिणेस मूइला नदी, पश्चिमेस दर्प्पपूडिका, उत्तरेस भेसउरी. आज नकाशा उघडून पाहावा. बोपखेलच्या पूर्वेस कळस, दक्षिणेस मुळा, पश्चिमेस दापोडी, उत्तरेस भोसरी. बाराशें साठांहून अधिक वर्षें लोटलीं, राज्यें किती आलीं व गेलीं, तरी चारांपैकीं एकही शेजारी जागेवरून हललेला नाहीं. भोसरी व कळस यांच्या मध्यें आज दिघी आहे, ती मात्र या चौघांत नाहीं.

नांवांचे फेरफारही नियमास धरून आहेत. दर्प्पपूडिकेंतील रेफ जाऊन द्वित्व राहिलें, पुढें द्वित्वाचें एक अक्षर जाऊन आद्य स्वर दीर्घ झाला, मधला पकार लोपला, शेवटचा ककार झिजला, आणि दापोडी सिद्ध झाली. हें उदाहरण प्राकृताच्या वर्गांत फळ्यावर लिहावें इतकें स्वच्छ आहे. कलसाचें कळस व मूइलेची मुळा याविषयीं कांहीं सांगावयास नकोच. भेसउरीची भोसरी होतांना आद्य एकाराचा ओकार झाला, हें ओष्ठ्य भकाराच्या सान्निध्यामुळें झालें असावें. भोसरीचें मूळ नांव भोजपूर व तें भोजराजानें वसविलें, अशी कथा सर्वत्र सांगतात. ती ज्यांस प्रिय आहे त्यांनीं ती सांगावी, परंतु आठव्या शतकांतील लेखनिक भेसउरी असें लिहितो, त्या अर्थीं भोजराजास तेथें जागा उरत नाहीं. तसेंच कळस हें नांव आळंदीच्या देवळाच्या कळसाशीं कोणी जोडूं पाहील तर त्यानें ध्यानांत ठेवावें कीं, ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली ती इ. स. १२९६ त, ताम्रपट त्यापूर्वीं ५३८ वर्षांचा आहे. नांवांवरून वसाहतीचा इतिहास काढण्याचा मार्ग राजवाडे यांनीं दाखविला. त्या मार्गावर चालतांना कथेपेक्षां लेखाचा हात धरणें बरें.

चतुःसीमा सांगण्याची ही रीति कोठून आली, हें पाहण्यासारखें आहे. स्मृतिकारांनीं सीमाविवादास व्यवहाराचें एक स्वतंत्र पद मानलें. मनूनें आठव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत त्याचा विस्तार केला आहे. शीव ठरवावयाची ती ज्येष्ठ महिन्यांत, कारण त्या वेळीं गवत वाळून गेलेलें असतें व खुणा उघड्या दिसतात. शिवेवर वड, पिंपळ, पळस, सांवर, ताड असे दीर्घायु वृक्ष लावावे. आणि मनुष्यांची स्मृति व झाडें या दोहोंवरही विश्वास न ठेवतां जमिनींत दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू अशा न कुजणाऱ्या वस्तु पुरून ठेवाव्या. एवढें करून तंटा उत्पन्न झालाच तर साक्षी कोण? गांवोगांवचे शेजारी. ते नसतील तर पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळें खणणारे, म्हणजे ज्यांचे पाय रोज त्या जमिनीवर पडतात ते. साक्षीनें डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्र व माळ धारण करून शपथेवर बोलावयाचें. आमच्या मतें या सगळ्यांत अधिक मार्मिक असा नियम निराळाच आहे : जेथें दोन शिवा मिळतात तेथें तळीं, विहिरी, पाट व देवालयें बांधावीं. शीव ही तोडण्याची जागा आहे, त्याप्रमाणेंच दोघांनीं मिळून कांहीं बांधण्याचीही आहे, असा त्याचा आशय.

येथें एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. सीमाप्रकरणांत शेजाऱ्यास ‘सामंत’ म्हटलें आहे. समंत म्हणजे सभोंवारचा प्रदेश, कडा. तेथें राहणारा तो सामंत. पुढें राजांच्या कडेला राहून सवड सांपडतांच त्याची भूमि गिळणारा मांडलिक असा अर्थ त्याच शब्दास आला, आणि काव्यांतून व शिलालेखांतून तोच रूढ झाला. पहिल्या अर्थीं सामंत हा शिवेचा साक्षी. दुसऱ्या अर्थीं तो शिवेचा भक्षक. पुणें व पिंपरी-चिंचवड हीं दोन शहरें परस्परांचीं सामंत आहेत यांत शंका नाहीं. कोणत्या अर्थीं, हें ठरविण्यासाठींच दुसऱ्या लेखाचें परीक्षण अवश्य आहे.

तत्पूर्वीं मधल्या काळाचा एक दुवा सांगून ठेवितों. शिवाजीमहाराजांच्या व पेशव्यांच्या काळांतील महजर व निवाडपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस शिवेचे तंटे किती विपुल आहेत हें ठाऊक आहे. गोत बसे, पाटील-कुलकर्णी, देशमुख-देशपांडे, शेजारच्या गांवचे वडील माणूस जमत. न मिटलें तर दिव्य होई. शीव चालून दाखविण्याचें काम बहुधा महाराकडे असे व त्याचें म्हणणें प्रमाण धरीत. ज्यास गांवकुसाच्या आंत राहूं दिलें नाहीं, त्याच्याच ज्ञानावर गांवाची शीव उभी होती, ही गोष्ट त्या कागदांचा गौरव करतांना विसरतां कामा नये. तरीही एक गुण त्या पद्धतींत निर्विवाद होता. शीव कोणी तरी पायांनीं चालून दाखवीत असे.

दोन शहरांच्या वाढीचा इतिहास थोडक्यांत असा आहे. पुण्याची नगरपालिका १८५७ ची. शहर व उपनगर अशा दोन नगरपालिका एकत्र होऊन १९५० सालीं महानगरपालिका झाली. त्या वेळीं पिंपरी व चिंचवड हीं खेडीं होतीं. चिंचवडास मोरया गोसावींचें संस्थान होतें म्हणून नांव माहीत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढील दशकांत औद्योगिक वसाहत झाली, आणि १९७० सालीं पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका स्थापन झाली. १९७२ सालीं तेथें नवनगर विकास प्राधिकरण आलें. १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. ताम्रपटाच्या भाषेंत बोलावयाचें तर बोपखेलची उत्तरसीमा अशा रीतीनें १९७० सालींच नव्या शहरांत गेली, व पश्चिमसीमा दापोडीही त्याच शहराची झाली. १९९७ सालीं दोन्ही महानगरपालिकांच्या हद्दी एकदम वाढविण्यांत आल्या. पुण्याकडे ३८ गांवें आलीं, त्यांत कळस व धानोरी होतीं. पिंपरी-चिंचवडकडे १८ गांवें गेलीं, त्यांत बोपखेल, दिघी, चऱ्होली, मोशी हीं होतीं. म्हणजे बोपखेलची जी पूर्वसीमा कृष्णराजाच्या लेखनिकानें ‘कलस’ या एका शब्दानें सांगितली, तीच, कोणीही तो ताम्रपट न वाचतां, दोन महानगरांची हद्द होऊन बसली.

या योगायोगाचें कौतुक आम्हांसही वाटलें आणि प्रथम वाटलें कीं, नवी हद्द जुन्या शिवेवरच पडली तर तक्रार कसली? परंतु दोन्ही लेख पुन्हां वाचतां त्यांच्या स्वभावांतील भेद ध्यानांत येतो. ताम्रपटांतील चतुःसीमा गांवाभोंवतीं फिरते. तिच्यांत दान दिलेलें गांव मध्यें आहे व चार शेजारी चहूं बाजूंस उभे आहेत. वाचणारास त्या गांवच्या मनुष्यानें घराबाहेर पडून कोणीकडे जावयाचें तें कळतें. अधिसूचनेचा गाभा यादी हा आहे. गांवाचें नांव, त्याची महसुली हद्द, व तें कोणत्या महानगरपालिकेंत घातलें तें. तिच्यांत बोपखेलचे शेजारी दिसत नाहींत, कारण यादींत शेजार नसतो. एका खालीं एक असा क्रम असतो. एक रेषा दोन्ही लेखांत तीच असूनही पहिल्यांत ती ‘येथून पुढें कळस’ असें सांगते आणि दुसऱ्यांत ‘येथवर आमचें’ असें सांगते.

अधिसूचनेवर अन्याय होऊं नये म्हणून तिची बाजूही सांगितली पाहिजे. ताम्रपट हा कांहीं लोकमताचा लेख नव्हे. राजानें गांवाचें उत्पन्न एका ब्राह्मणास दिलें. बोपखेलच्या कुणब्यास तें कोणाकडे पोहोंचवावयाचें एवढेंच त्यास कळविलें गेलें असेल. उलट १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें हद्द बदलतांना सरकारास महानगरपालिकेशीं विचारविनिमय करावा लागतो व बेत आधीं प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. लोकांचें म्हणणें अगदींच वायां गेलें असेंही नाहीं. पुण्यांत आलेल्या ३८ गांवांपैकीं पंधरा गांवें पुढें विरोधामुळें पूर्णपणें व कांहीं अंशतः वगळण्यांत आलीं. शिवाय गांवें शहरांत घेण्याचें कारणही खोटें नव्हतें. शहराच्या कडेला शेतें गुंठ्यागुंठ्यानें विकलीं जात होतीं. बिनशेती परवाना नाहीं, रस्ता नाहीं, सांडपाण्याची वाट नाहीं, आणि ग्रामपंचायतीच्या शक्तीबाहेरची वस्ती उभी राहिलेली. आम्हीं धानोरीच्या बाजूस अशा वस्त्या डोळ्यांनीं पाहिल्या आहेत. अशा ठिकाणीं जुन्या शिवेचें स्तोत्र म्हणत बसणें ही क्रूरता होईल.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें, शहराच्या कडेची भूमि कोणाच्या सोयीची हें पाहण्याऐवजीं कोणाच्या उत्पन्नाची हें पाहण्यांत. जकात होती तोंवर ही गोष्ट उघड होती. कारखान्याचा माल ज्याच्या नाक्यावरून आंत येई त्याची तिजोरी भरे, आणि त्या जोरावर पिंपरी-चिंचवड श्रीमंत शहर म्हणून गाजलें. पेशवाईंतील जकातीचे ताळेबंद पाहणारास यांत नवल वाटणार नाहीं. चौकी कोणाची या प्रश्नावरून तेव्हांही तंटे होत. २०१३ सालीं जकात उठली, तिच्या जागीं आलेला स्थानिक संस्थाकरही लौकरच बहुतेकांपुरता गेला, आणि २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. तेव्हांपासून शहराला स्वतःचें म्हणून जें मिळावयाचें तें मुख्यतः मिळकतकर व बांधकामाच्या परवानग्या यांतून. अर्थात् कारखान्यापेक्षां इमारत मोलाची झाली, व जेथें इमारती उठणार ती कडेची जमीन दोन्हीं शहरांस हवीशी झाली. २०१७ सालीं पुण्यानें अकरा गांवें घेतलीं, त्यांत आमच्या शेजारच्या लोहगांवाचा उरलेला भाग होता. २०२१ च्या जूनमध्यें आणखी तेवीस घेतलीं, तेव्हां क्षेत्र पांचशें चौरस किलोमीटरांवर जाऊन पुणें मुंबईहूनही विस्तीर्ण झालें. त्यांत पश्चिमेचीं म्हाळुंगे व सूस आलीं. त्यांच्या पलीकडचीं हिंजवडी, माण, मारुंजी पिंपरी-चिंचवडला जोडावीं असे प्रस्ताव वारंवार निघाले. हिंजवडींत संगणक-उद्योगांच्या उंच इमारती आहेत हें सांगितलें म्हणजे या मागणीचें निराळें भाष्य नको.

याच प्रकरणांत एक घटना आहे, तिच्यासाठीं जुन्या दफ्तरांतील एक शब्द पुन्हां वापरांत आणावा अशी आमची सूचना आहे. २०२१ सालीं तेवीस गांवें पुण्याच्या महानगरपालिकेंत आलीं, परंतु त्यांची विकासयोजना करण्याचा अधिकार सरकारनें २०१५ सालीं स्थापलेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेविला. कर एकास द्यावयाचा आणि घर बांधण्याची आज्ञा दुसऱ्याकडे मागावयाची. ज्या गांवीं मोगल व मराठे असे दोन अंमल एकदम चालत त्यास आपल्या जुन्या कागदांत दुअमली गांव म्हणतात. दुअमली गांवच्या रयतेचे हाल काय होत, हें त्या कागदांच्या नकला करणाऱ्या प्रत्येकास माहीत आहे. फुरसुंगी व उरुळी देवाची यांची गोष्ट तर आणखी विलक्षण. २०१७ सालीं तीं पुण्यांत आलीं, आणि पुढें दोन्ही गांवें काढून २०२४ सालीं त्यांची निराळी नगरपरिषद करण्यांत आली. मध्यंतरींच्या काळांत या गांवांची शीव तीच राहिली, मालक तेवढे बदलले. उरुळीस पुण्याचा कचरा मात्र वर्षानुवर्षें येत राहिला.

परंतु आमचा विषय बोपखेल. तिकडे परत येऊं. यादींतून शेजार नाहींसा झाला असतां काय होतें, याचें उदाहरण या गांवानें नऊ वर्षें भोगलें. पिंपरी-चिंचवड शहरांत जाण्याची बोपखेलकरांची वाट पश्चिमेस, दापोडीकडे होती. ती दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारांतून जात असे. २०१५ च्या मे महिन्यांत ती बंद झाली. न्यायालयाचा निर्णय लष्कराच्या बाजूनें होता. गांवकऱ्यांचा क्षोभ झाला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. त्यानंतर बोपखेलच्या मनुष्यास आपल्याच शहरांतील दापोडीस पोहोंचण्यासाठीं दिघीवरून भोसरीकडे, किंवा आमच्या विश्रांतवाडीवरून खडकीकडे, कोसन् कोस वळसा घालावा लागे. शाळेचीं मुलें, कामगार, आजारी, सर्वांस तोच वळसा.

ताम्रपट हातांत घेऊन ही वाट पाहावी. पश्चिमेस दर्प्पपूडिका, परंतु मध्यें लष्कर. दक्षिणेस मूइला, पलीकडे खडकीची छावणी, म्हणजे पुन्हां लष्कराची जमीन. पूर्वेस कलस, तें दुसऱ्या शहराचें. उरली एक उत्तर. राष्ट्रकूटकालीन दानशासनांत बहुधा अशी अट असे कीं, दान दिलेल्या गांवांत राजाच्या चाटांनीं व भटांनीं, म्हणजे शिपायांनीं व सैनिकांनीं, शिरूं नये. बाराशें वर्षांनीं त्याच गांवीं शिपायांच्या आवारांत गांवकऱ्यांनीं शिरूं नये अशी पाळी आली. यांत लष्कराची आम्ही निंदा करीत नाहीं. संरक्षणाच्या जागेंतून रहदारी नसावी हें म्हणणें समजण्यासारखें आहे. परंतु ज्या शहरानें १९९७ सालीं बोपखेल आपल्या यादींत लिहून घेतलें, त्या शहराशीं त्याला जोडणारी वाट परक्याच्या आवारांतली आहे, हें त्या दिवशींही तितकेंच खरें होतें. चतुःसीमा लिहून काढण्याची रीति चालू असती तर लेखनिकाची लेखणी ‘पश्चिमेस’ या शब्दावर अडली असती.

शेवटीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनें बोपखेलहून मुळा ओलांडून खडकीस जाणारा पूल बांधला. त्यासाठीं पलीकडच्या तीरावरील संरक्षण खात्याची जमीन मिळवावी लागली व त्यांत वर्षें गेलीं. २०२४ सालीं तो पूल रहदारीस खुला झाला. दक्षिणसीमेवर दोघांच्या उपयोगाचें कांहीं बांधावें हा मनूचा नियम अशा रीतीनें एकदाचा पाळला गेला. पुलाच्या एका टोकास पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या टोकास खडकीची छावणी, व तेथून चार पावलांवर पुणें. पूर्वसीमेवर अशी गोष्ट अद्याप आम्हांस दिसली नाहीं. आळंदीच्या सडकेवर जलद बसगाडीचा निराळा मार्ग आहे; विश्रांतवाडीपर्यंतचा पुण्यानें केला, बोपखेल फांट्यापासून आळंदीकडील पिंपरी-चिंचवडनें केला. बसगाडी २००७ पासून दोन्ही शहरांची मिळून एकच कंपनी चालविते. गाडी एक, सडक एक, परंतु मार्ग मात्र शिवेवर तुटतो, हें पाहून मराठी दफ्तरांचा अभ्यासक हंसल्यावांचून राहणार नाहीं.

वर्षांतून एक दिवस मात्र ही पूर्वसीमा चालून दाखविली जाते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून निघते व दुसऱ्या दिवशीं दिघी, कळस, विश्रांतवाडी या मार्गानें पुण्यास येते. दिघीस पिंपरी-चिंचवडचे अधिकारी तिचें स्वागत करतात, कळसास पुण्याचे. मनूनें शीव पाहण्यास सांगितलेला महिना तोच, ज्येष्ठ. गेल्या ज्येष्ठांत आम्ही सडकेच्या कडेस उभे राहून, दोन मंडपांच्या मध्यें नेमकी शीव कोठें आहे तें दिंडींतील एका वृद्ध माळकऱ्यास विचारलें. त्यानें मागें पाहिलें, पुढें पाहिलें, आणि म्हणाला, “गुरुजी, मला काय ठावं? कळस गेलं म्हंजी पाणी मिळतं, येवढं ठावं.” ताम्रपटाच्या लेखनिकानें ‘कलस’ हा शब्द ज्या अर्थानें लिहिला असेल त्याच्या हें उत्तर पुष्कळ जवळ जातें.

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या आमच्या बंधूंस एक विनंति आहे. बोपखेल, कळस, दिघी, धानोरी, भोसरी व दापोडी या सहा गांवांच्या शिवांविषयींचे महजर, निवाडपत्रें, थळझाडे, किंवा कुलकर्ण्यांच्या दफ्तरांतील कसलेही कागद कोणाजवळ असतील तर त्यांनीं ते नकलेपुरते दाखवावे. गांव शहरांत गेलें म्हणजे ग्रामपंचायतीचें दफ्तर क्षेत्रीय कार्यालयांत जातें, व जुने वाडे पाडतांना माळ्यावरचीं रुमालबंद गाठोडीं भंगारांत जातात. कळस व धानोरी येथें पाडापाड जोरांत चालू आहे, सबब उशीर करूं नये. विशेषतः कळस-बोपखेल शिवेचा पेशवेकालीन एखादा निवाडा मिळाला तर ताम्रपट व अधिसूचना यांच्या मधील हजार वर्षांचें अंतर भरून निघेल. आम्ही विश्रांतवाडींतच आहों. निरोप मिळतांच पायीं येऊं, जागेवर बसून नक्कल करूं, आणि मूळ कागद त्याच दिवशीं मालकाच्या हातीं परत देऊं.